वहिनींच्या मोबाइलमधला माझा पंखा

आमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याचा वेग गेली दोन-तीन वर्षं शेजारच्या वहिनी ठरवतात. हे वाक्य मी जिथे जिथे बोलले, तिथे ऐकणाऱ्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. शाळेत तीस वर्षं मुलांवर "मुद्देसूद लिहा" म्हणून ओरडले आहे. स्वतःला ते कधी जमलं नाही, हे आधीच कबूल करते.

आमचं घर भंडाऱ्यात, आणि आमच्या व वहिनींच्या घरामध्ये तीन हातांचा बोळ आहे. बोळाच्या या बाजूला माझ्या स्वयंपाकघराची खिडकी, त्या बाजूला बरोबर समोर वहिनींच्या देवघराची. दोन्ही घरं एकाच मिस्त्रीने बांधली. खिडक्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे हवा खेळती राहील, असं तो म्हणाला होता. हवा पुढे इतकी खेळली की दोन घरांचं बोलणं बंद पडलं.

वहिनी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. त्यांच्या यजमानांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. ते गेले, दुकान दुसऱ्याने घेतलं, मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्या दुकानातली एक वाटी तेवढी आमच्या दोन घरांत फिरत राहिली. दोन्ही खिडक्यांच्या जाळीत आम्ही वाटीपुरती फट करून घेतली होती. दोघींनी हात लांब केले की बोळाच्या मधोमध वाटी या हातातून त्या हातात जायची. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण आम्ही तो इतका कडक पाळला की एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा मी चार लवंगा टाकून वाटी दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याच चार लवंगांचा मसालेभात परत आला. वर वहिनींचा प्रश्न, "कावं मास्तरीण, पगार नाई झाला का तुह्या?"

"कावं मास्तरीण" ही त्यांची हाक. बावीस वर्षं रोज सकाळी ती खिडकीतून यायची. मी ती कधी कौतुकाने ऐकली नाही. नळाला पाणी आलं की आवाज येतो, तशी ती यायची आणि मी "हाव" म्हणायचे.

मग माझ्या नवऱ्याने पंखा आणला.

जुना पंखा लहानसा होता. तो धूर बाहेर फेकायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त, पण कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता. तो जळाला. माझा नवरा फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. कोणतीही वस्तू हवी त्यापेक्षा दुप्पट ताकदीची असली पाहिजे, हे त्याचं तत्त्व. आमच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीला त्याने लोखंडी अँगल ठोकलेला आहे. तो बाजारात गेला आणि गोदामाला बसवतात तसला पंखा घेऊन आला. भिंतीतल्या भोकात तो मावेना, म्हणून भिंत फोडली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ओट्यावर चिरून ठेवलेला सांबार (कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो) उठला आणि बाहेर गेला. हात पुसायचं फडकं पंख्याच्या जाळीला जाऊन चिकटलं. नवरा हात कमरेवर ठेवून पाहत होता.

"याले म्हनतात पंखा," तो म्हणाला.

त्या पंख्याला दोनच गती होत्या. बंद आणि वादळ.

वहिनींनी सुरुवातीला सोसलं. देवघराच्या खिडकीचं एक दार लोटून घेतलं, मग दुसरं अर्धं लोटलं. "मास्तरीण, तुह्या घरची फोडनी माह्या गनपतीच्या सोंडेत जाऊन राहिली," असं एकदा हसत म्हणाल्या. मी पण हसले. मला वाटलं, गमतीने म्हणत आहेत. बावीस वर्षांच्या ओळखीत माणूस इतका निर्धास्त होतो की समोरच्याचं तोंडावर आलेलं खरं बोलणंही त्याला गंमत वाटतं.

त्यानंतर त्यांच्याकडे पोथी बसली. सात दिवस वाचन आणि शेवटच्या दिवशी समाप्ती, आरती, प्रसाद. समाप्तीच्या दिवसाबद्दल त्यांनी मला तीनदा बजावलं होतं. "साडेनवाला आरती हाय. तेव्हडा येळ तुहा राक्षस बंद ठेवजो." मी कबूल केलं. साडेनऊला मी खरंच पंखा बंद ठेवला. दहा वाजेपर्यंत थांबले. सव्वादहाला, आता आरती होऊन प्रसाद वाटला असेल, असं समजून मी तव्यावर वाळलेले झिंगे (सुकी कोळंबी) टाकले. सुक्या झिंग्यांची, लाल मिरची आणि लसूण घातलेली चटणी नवऱ्याला आठवड्यातून एकदा लागतेच. मी वादळ सुरू केलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीत नळ उशिरा आला होता, हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. आमच्या गल्लीत घड्याळ कोणी पाहत नाही, नळ पाहतात. नळ आला की पाणी भरायचं, मग आंघोळी, मग पूजा. नळ तासभर उशिरा आला की देवही तासभर उशिरा उठतो. वहिनींची आरती साडेदहाला सुरू झाली. समोरून माझे झिंगे गेले.

आत अकरा बाया आणि पोथी सांगणारे बुवा होते. पहिल्या कडव्याला टाळ्या ऐकू येत होत्या. दुसऱ्या कडव्याला टाळ्या थांबल्या आणि खोकला सुरू झाला. एक बाई खोकली, मग चार, मग सगळ्या. बुवांनी प्रसंग सांभाळायला शंख तोंडाला लावला, आणि नेमकी त्याच क्षणी त्यांना शिंक आली. शंखातून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. गल्लीतला कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत गेला. मला, खरं सांगते, हसू आलं. मी तोंडात पदर कोंबून ओट्याला टेकून हसले. ते हसू खिडकीतून दिसलं असणार.

खिडकीत वहिनी आल्या. डोळे लाल, हातात आरतीचं ताट.

"झालं का मॅडम तुमचं?"

एवढंच बोलल्या आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली. मॅडम. तुमचं. बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. माझं हसू तिथेच विरून गेलं.

मग तीन आठवडे काहीच नाही. खिडकी बंद, हाक बंद. पितळी वाटी नेमकी माझ्याकडे अडकली. रिकामी देता येत नव्हती, आणि भरून द्यायला समोरची खिडकी उघडत नव्हती. मी ती चिंच लावून घासायची, ओट्यावर पालथी ठेवायची, परत घासायची. आधी मला त्यांचाच राग आला. एवढं काय झालं? झिंगेच होते ना? नैवेद्यात तर नाही टाकले! चार दिवस मी हे भांडण एकटीच भांडले आणि चारही दिवस जिंकले. पाचव्या दिवशी सकाळी नळ आला, बादलीत पाणी पडू लागलं आणि हाक आली नाही. मी तशीच नळापाशी उभी राहिले. बादली भरून वाहू लागली. मला वहिनी परत हव्या होत्या. चूक कोणाची, याच्याशी मला काही घेणंदेणं उरलं नव्हतं.

नवऱ्याला बायकांच्या अबोल्यातलं काही कळत नाही, पण यंत्रात बिघाड झाला आहे एवढं त्याला कळलं. तो चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसला आणि पाचव्या दिवशी कुरिअरने एक डबी आली. स्मार्ट रेग्युलेटर. भिंतीत बसवायचा, घरच्या वायफायला जोडायचा आणि मोबाइलवरून पंख्याचा वेग कमी-जास्त करायचा. एक ते पाच.

"टाइम लावून देतो," तो म्हणाला. "सात ते आठ, वहिनीच्या पूजेच्या येळेले एक नंबर. बाकी दिवसभर पाच. कोनाले हात लावायची गरज नाई. झगडाच खतम."

अर्धा दिवस घरातली लाईन बंद करून त्याने ते बसवलं. शेवटी ॲपने त्याचं अभिनंदन केलं. त्यावर लिहिलं होतं, तुमचं घर आता स्मार्ट झालं आहे. मी आजूबाजूला पाहिलं. लोणच्याची बरणी होती तिथेच होती. नवरा दातात टेस्टर धरून स्टुलावर उभा होता आणि त्याच्या बनियनला पुट्टी लागली होती. घर झालं असेल स्मार्ट. घरातल्या माणसांबद्दल ॲपने काही लिहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी नळ सहाला आला आणि पूजा सातला झाली. पंखा एकवर होता. नवऱ्याची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी नळ साडेसातला आला. आठच्या ठोक्याला पंखा आपल्या शिस्तीने पाचवर गेला, तेव्हा वहिनी नुकत्या देवापुढे बसल्या होत्या. वादळ थेट देवघराच्या बंद दारांवर. नवऱ्याने वेळ बदलून आठ ते नऊ केली. तिसऱ्या दिवशी नळ पहाटेच आला. चौथ्या दिवशी आलाच नाही. नवरा पाणीवाल्यांवर चिडला, त्यांनी वेळापत्रक पाळायला पाहिजे म्हणाला. मी म्हटलं, "त्याहिले पन तुमच्या ॲपमध्ये टाका."

तरी त्याने हार मानली नाही. "आता पंख्याले नाकच लावून देतो," म्हणाला. म्हणजे सेन्सर. हवेत धूर असेल तर पंखा आपोआप जोरात फिरेल, धूर नसेल तर पडून राहील. तुम्ही फोडणी दिली तरच तो जागा होईल. ऐकायला चांगलं वाटलं. त्याने ती पांढरी डबी खिडकीच्या चौकटीवर चिकटवली. धूर बाहेर तिथूनच जातो, असा त्याचा अभ्यास होता. धूर आतही तिथूनच येतो, एवढा एक मुद्दा अभ्यासात राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा गॅस बंद होता. मी टेबलाशी भाजी निवडत होते. समोर वहिनींनी खिडकीचं एक दार थोडं उघडलेलं दिसलं. मला बरं वाटलं. त्यांनी देवापुढे धूप लावला. धुपाची एक बारीक रेघ खिडकीतून निघाली, बोळ ओलांडून इकडे आली आणि डबीच्या नाकात शिरली.

पंखा एकदम पाचवर गेला. धूप उलट्या पावली परत गेला, त्याच्यामागे माझ्या घरची सगळी हवा गेली आणि समोरचं निरांजन विझलं.

वहिनींनी ते परत लावलं. धूप परत आला. पंखा परत पेटला. निरांजन परत विझलं. मी धावत जाऊन बटण शोधू लागले, पण बटण आता भिंतीवर नव्हतं. ते नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होतं, आणि नवरा मोबाइल घेऊन दूध आणायला गेला होता. तिसऱ्यांदा निरांजन विझलं तेव्हा वहिनी खिडकीत आल्या. तीन आठवड्यांनी मला त्यांचं तोंड दिसलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "माह्याशी वाकडं असन तर असो. पन देवाचा दिवा कायले विझवता जी?"

मी तोंड उघडलं. वहिनी, पंख्याला धूर समजतो पण धूप समजत नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? दार लागलं.

नवरा दूध घेऊन आला तो थेट माझ्या तोफेच्या तोंडी. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शाळेतली तीस वर्षं त्यात होती. सेन्सर काढून मी तो पिठाच्या डब्यात टाकला, आणि मग तो मलाच चाळणीत सापडला.

"अजी, या पंख्याचं बटन मले भित्तीवर पाहिजे," मी म्हटलं.

"अवो, भित्तीवर काहून? याच्यात तुह्या मोबाइलवर पन येते. घरचा कोनताही मानूस जोडता येते. मी मालक, बाकीचे सदस्य."

मी समोरच्या बंद खिडकीकडे पाहिलं.

"जोडा मंग."

"तुले ना?"

"वहिनीले."

"त्याहिले?" त्याने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "आपल्या घरचा पंखा त्यांच्या हाती? अवो, त्या घरच्या कुठं हायेत?"

"त्यांची वाटी आपल्या घरात हाय. मंग त्या घरच्या कशा नाईत?"

त्याने ॲप वरून खालपर्यंत चाळलं. त्यात वाटीबद्दल काही लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी तांदळाची खीर केली. मिरची नाही, फोडणी नाही, धूर नाही. पितळी वाटी भरली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वहिनींच्या घरी समोरच्या दाराने गेले, पाहुण्यासारखी चप्पल काढून. त्यांनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुमचा मोबाइल द्या," मी म्हटलं.

हे वाक्य त्यांना अपेक्षित नव्हतं. माफीचं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी दिसत होती. पुण्याच्या मुलाने दिलेला मोबाइल त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढून दिला. नवरा माझ्यामागे उभा होता, त्याने खाली मान घालून सगळं जोडून दिलं. पडद्यावर एक गोल आला, त्यात पंख्याचं चित्र आणि खाली शून्य ते पाच. आत देवघराची खिडकी दुपारची उघडी होती आणि त्यातून मुद्दाम चालू ठेवलेला माझा राक्षस पाचवर घोंघावताना ऐकू येत होता.

"लावा बोट," मी म्हटलं.

वहिनींनी बोट शून्यावर ठेवलं. पलीकडे पंखा मंद झाला, दमला आणि थांबला. इतकी शांतता झाली की बोळातल्या चिमण्या ऐकू आल्या. वहिनींनी मोबाइलकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत मोबाइलकडे पाहिलं.

"मी म्हनन तेव्हाच चालन?"

"तुमी म्हनान तेव्हाच."

"अन मी चालूच नाई केला त?"

"त खोकन मी."

त्यांनी वाटी घेतली. हसल्या नाहीत. दार लावून घेतलं, पण हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पंखा शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. सात वाजले, आठ वाजले. पूजा होऊन गेली, घंटा मी कानांनी ऐकली. पंखा ढिम्म. मी वरणाला फोडणी दिली, मोहरी, हिंग, लाल मिरची, आणि सगळा धूर माझ्याच नाकात. डोळ्यांतून पाणी, घशात काटे. मी खोकले. नवरा बाहेर वऱ्हांड्यात पेपर वाचायला पळाला. मग वांग्याची भाजी. मग लसणाचा ठेचा. रागाच्या भरात ठेचा करायला नको होता, पण मी पण काही कमी नाही. अकरा वाजेपर्यंत मी माझ्याच घरात शिजले. समोरच्या खिडकीचं एक दार उघडं होतं आणि त्याच्यामागून कोणीतरी तोंड दाबून हसत होतं. ते हसणं मला ओळखीचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी अगदी तसंच हसले होते.

अकरा वाजता पंखा पाचवर गेला. धूर गेला. त्याच्यामागून आवाज आला,

"कावं मास्तरीण! जित्ती हायस का?"

मी ओट्यापाशी खाली बसले आणि रडले. नवऱ्याला वाटलं, अजून मिरचीच आहे.

तेव्हापासून आमच्या घरी वहिनींचं राज्य सुरू झालं. पूजेला बसताना त्या पंखा एकवर ठेवायच्या आणि उठल्या की पाचवर. नळ कधीही येवो. जे काम घड्याळाला आणि पांढऱ्या डबीला जमलं नाही, ते त्यांच्या बोटाला जमलं. मग हळूहळू ते बोट बोलू लागलं. मी आत कपडे घडी करत असताना पंखा अचानक पाचवर गेला की समजायचं, तुझं वरण लागलं. आणि खरंच लागलेलं असायचं. त्यांचं नाक माझ्यापेक्षा दोन मिनिटं पुढे होतं. दुपारी पंखा तीनवर जाऊन लगेच थांबला, परत तीनवर जाऊन थांबला, की चहा टाक. मी भाजीत तेल जास्त घातलं की दोनवर यायचा. तेल जास्त पडल्याचं त्यांना कसं कळायचं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

नवऱ्याला मात्र हे फार लागलं. तो मालक होता आणि त्याला त्याच्याच घरात कोणी विचारत नव्हतं. एकदा त्याने स्वतःच्या मोबाइलवरून पंखा चारवर केला. लगेच एकवर आला. त्याने परत चारवर केला. परत एकवर आला. वीस मिनिटं एक निवृत्त माणूस आणि एक पूजेला बसलेली बाई भिंतीआडून लढत होते. शेवटी त्याने मोबाइल ठेवून दिला आणि म्हणाला, "जाऊ दे, मोठ्या हायेत." दसऱ्याला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. वहिनी हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आमच्याकडे आल्या, स्टूल मागितलं, आणि त्या स्मार्ट रेग्युलेटरला कुंकू लावून, आपट्याचं पान ठेवून गेल्या. ते कुंकू आम्ही अजून पुसलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. पायऱ्या चढणं होईना. मुलगा पुण्याहून आला. ऑपरेशन तिकडेच करू, आणि मग तिकडेच राहा, इथे एकटी कशाला, असं म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणून मला त्याच्यावर चिडताही आलं नाही, याचाच जास्त राग आला. निघायच्या दिवशी वाटी माझ्याकडे होती. गाडी दारात, मी घरभर काहीतरी शोधते आहे, वाटीत घालायला हाताला काही लागेना. वहिनींनी गाडीतून हात बाहेर काढून माझा हात धरला.

"राहू दे वं. मी आल्यावर देजो. पन भरून देजो, लवंगा नको टाकू."

त्यांनी घराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि गाडी गेली.

सुरुवातीला फोन यायचे. पण फोनवर त्या पाहुण्यासारख्या बोलायच्या. बरं हाय, पाय बरा हाय, लिफ्ट हाय, नातू हुशार हाय. आजूबाजूला सून, मुलगा असणार. मास्तरीण म्हणायच्या, पण हळू आवाजात. मग फोन पंधरा दिवसांनी येऊ लागले, मग महिन्याने. मग मी हट्टाला पेटले. आता त्यांनी करावा आधी. मीच का? असा महिना गेला, सव्वा महिना गेला. त्यांना माझी आठवण उरली नाही, असं मी मनात ठरवून टाकलं, आणि ठरवलेलं खरं असेल या भीतीने फोन करत नव्हते.

एकदा नवरा मोबाइल पाहता पाहता म्हणाला, "वहिनी अजून सदस्यच दिसतेत. काढून टाकू का?"

"हात लावून पाहा," मी म्हटलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

समोरची खिडकी बंद होती आणि मला पूर्ण मोकळीक होती. झिंगे भाजा, ठेचा कुटा, पंखा दिवसभर पाचवर. खोकणारं कोणी नाही. मी आठवड्यातून दोनदा झिंगे भाजू लागले. नवराच शेवटी म्हणाला, आता पुरे झाले, मले नाई पाहिजेत. मी तरी भाजत राहिले.

त्या सकाळी पण तव्यावर झिंगेच होते. लाल मिरच्या टाकल्या होत्या, धूर उठला होता, पंखा जोरात ओढत होता. साडेआठच्या सुमाराला पंख्याचा आवाज बदलला. उतरत उतरत एकवर आला. पाती मोजता येतील इतका हळू.

"बिघडला," नवरा म्हणाला आणि टेस्टर आणायला उठला. मग थांबला, मोबाइल काढला, चष्मा वर केला. "आपल्याकडून नाई झालं हे," म्हणाला. "वहिनीनं केलं."

पुण्याला नळाची वाट पाहावी लागत नाही. मुलाच्या इमारतीत पाणी कायम असतं. साडेआठला वहिनी आंघोळ करून अकराव्या मजल्यावर देवापुढे बसल्या होत्या, आणि बसायच्या आधी त्यांनी माझा पंखा एकवर ठेवला होता.

मी तव्याखालचा गॅस बंद केला. झिंगे अर्धेकच्चे राहिले. स्वयंपाकघर धुराने भरलं, मला ठसका लागला, नवरा दार उघडायला धावला. समोर बंद देवघर, बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे.

"अवो, वाढव ना पंखा. मालक मी हाये, वाढवू का?"

"थांबा," मी खोकत म्हटलं. "पूजा चालू हाय."

मी स्टुलावर बसले. पितळी वाटी फळीवरून काढली, पदराने पुसली, मांडीवर ठेवली. चाळीस मिनिटं पंखा एकवर फिरत होता आणि मी त्याच्याकडे पाहत खोकत होते. नवरा पण शेजारी येऊन बसला, तो पण खोकत होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पंखा पाचवर गेला. मी उठले आणि परत गॅस पेटवला.